पैसा आला कुठून?

मागच्या महिन्यात या सदरात युरोपातल्या जुन्या विद्यापीठांमधलं विद्यार्थिजीवन हा विषय घेतला होता. त्यावर आलेली बरीच पत्रं पैशाविषयी आहेत, आणि मला त्याचा आनंदच झाला. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या लेखा विभागात गेली. इतिहासाचा नाद निवृत्तीनंतरचा. लोक दगडी कमानींचे फोटो दाखवतात तेव्हा मला त्या संस्थेची जमेची बाजू बघावीशी वाटते. यावेळी तीच बघू.

प्रश्न (नाशिक) : विद्यापीठं राजांनी काढली असं आम्ही शाळेत शिकलो. मग खर्चही तेच करत असतील ना? माझी मुलगी जर्मनीत शिकते, तिला फी जवळजवळ नाही. ही पद्धत तेव्हापासूनची का?

राजे सनद देत. सनदेला कातड्याचा एक तुकडा आणि मोहोरेपुरतं मेण लागतं. रोजच्या खर्चाची तजवीज करणं हे वेगळंच काम होतं, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी कामासाठी ठेवलेल्या पैशातून भागवलं जाई.

13 व्या शतकातलं पॅरिस घ्या. विद्यापीठाच्या मालकीची म्हणावी अशी इमारत जवळजवळ नव्हती. वर्ग भाड्याच्या खोल्यांत भरत, मोठ्या सभा चर्चमध्ये होत. इमारत निधी नाही, प्रयोगशाळा नाही, वीजबिल नाही. खर्च एकच, शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्याचं पोट. पण ज्ञान ही देवाची देणगी आहे, ती विकू नये, असं धर्ममत होतं. 1179 च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या धर्मसभेनं, शिकवण्याच्या परवान्यासाठी पैसे घ्यायला मनाई केली आणि प्रत्येक कॅथेड्रलनं (बिशपच्या मुख्य चर्चनं) एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय लावावी असं ठरवलं. 1219 मध्ये पोप तिसरा ऑनोरियस यानं आणखी मोठी सवलत दिली. धर्मशास्त्र शिकायला बाहेर गेलेल्या माणसानं आपल्या चर्चमधल्या पदाचं उत्पन्न, तिथं हजर न राहता, पाच वर्षं घ्यावं.

आपल्याकडच्या वतनासारखं समजा. वतन एकाच्या नावावर, गावात राबणार मुतालिक, उत्पन्नातला मोठा वाटा वतनदाराला. विद्यापीठं आपापल्या माणसांच्या लांबलचक याद्या पोपकडे पाठवत, याला अमुक चर्चचं पद मिळावं, त्याला तमुक. त्या याद्यांबद्दल वाचताना मला आमचे अनुदानाचे प्रस्तावच आठवतात.

कोपर्निकसचं उदाहरण बघा. वडील लवकर गेले. मामा लुकास वात्सेनरोडे हा वार्मियाचा बिशप. त्यानं भाच्याला फ्रोमबोर्कच्या कॅथेड्रलमध्ये कॅननचं पद, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळातली जागा, मिळवून दिलं. 1497 मध्ये ते पक्कं झालं तेव्हा भाचा बोलोन्यात कायदा शिकत होता. पद बाल्टिक समुद्राकाठी, पदाधिकारी इटलीत. तरी 1499 मध्ये तो आणि त्याचा भाऊ आंद्रेयास दोघांचेही हात आखडले आणि कर्ज काढावं लागलं. 1501 मध्ये दोघं घरी येऊन कॅथेड्रलच्या मंडळापुढे उभे राहिले आणि रजा वाढवून मागितली. कोपर्निकसला आणखी दोन वर्षं मिळाली, वैद्यक शिकून बिशपच्या आणि मंडळाच्या उपयोगी पडेन या बोलीवर. पगारी अभ्यासरजा, हमीपत्रासह! असे अर्ज माझ्या टेबलावरून कितीतरी गेले. पुढची सुमारे चाळीस वर्षं, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मांडणारा ग्रंथ 1543 मध्ये छापून होईपर्यंत, त्याची मुख्य मिळकत तेच पद होतं.

जर्मन संस्थानिकांनी हाच उद्योग घाऊक प्रमाणात केला. 1477 मध्ये ट्यूबिंगेनचं विद्यापीठ निघालं तेव्हा झिंडेलफिंगेनच्या चर्चमधली पदं उत्पन्नासकट उचलून विद्यापीठाला जोडली. विटेनबर्ग (1502) तर वाचताना गंमत वाटते. तिथल्या ऑल सेंट्स चर्चच्या निधीवर बरेच प्राध्यापक पोसले जात, आणि त्या चर्चचा नावलौकिक होता संतांच्या अवशेषांसाठी आणि त्यांच्या दर्शनानं पदरात पडणाऱ्या पापमाफीसाठी. मार्टिन लूथर तिथंच शिकवत होता. तो ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी. संघानं विद्यापीठाला प्राध्यापक पुरवायचा असं ठरलेलं, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा पगार नव्हता. 1517 मध्ये त्यानं पापमाफीच्या पत्रांवर तोफ डागली तेव्हा सहकाऱ्यांचे पगार ज्या निधीतून निघत त्याच्याच पायाला धक्का लागत होता. स्वतःचा पगार नसलेल्या माणसालाच हे परवडलं, असं माझ्यातली लेखापाल म्हणते. धर्मशास्त्राचे अभ्यासक हे मान्य करणार नाहीत. 1536 मध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरनं (तिथल्या संस्थानिकानं) चर्चच्या जुन्या मालमत्तेतून विद्यापीठाची घडी पुन्हा बसवून दिली.

तुमच्या मुलीची फीमाफी मात्र 20 व्या शतकाच्या नंतरच्या अर्ध्या भागातली. जुन्या जर्मन विद्यापीठांत नाव घालताना पैसे द्यावे लागत. ज्याला जमत नसे त्याच्या नावापुढे नोंदवहीत ‘गरीब’ असा शेरा मारून सूट दिली जाई. असे शेरे पुष्कळ आहेत.

प्रश्न (निवृत्त प्राध्यापक, पुणे) : त्या काळी प्राध्यापकांना पगार कोण देई? आणि वेळेवर देई का?

बोलोन्यात सुरुवातीला विद्यार्थी देत. ते बहुतेक परगावचे, खात्यापित्या घरचे, कायदा शिकायला आलेले आणि वयानं वाढलेले. त्यांनी संघ केले, वर्गणी काढली आणि प्राध्यापकाशी ठरवून मोबदला दिला. पैसा त्यांचा म्हणून नियमही त्यांचे. घंटा झाल्यावर वर्ग लांबवला तर दंड. पाचाहून कमी विद्यार्थी आले तर प्राध्यापकच गैरहजर धरायचा. गावाबाहेर जायचं तर परवानगी काढायची आणि परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवायची. ही पद्धत आपल्याकडे आणा असं सुचवणारं एक पत्र आलं आहे, ते मी छापत नाही.

13 व्या शतकाच्या अखेरीस शहरानं पगार द्यायला सुरुवात केली. शेजारची शहरं नामांकित प्राध्यापक पळवत होती, आणि प्राध्यापकामागोमाग विद्यार्थी, विद्यार्थ्यांमागोमाग घरभाडं नि खानावळींचा धंदा जाई. 15 व्या शतकात शहरात येणाऱ्या मालावरची जकात या पगारांसाठी लावून दिली गेली. तोवर नेमणुकाही विद्यार्थ्यांच्या हातून शहराच्या हाती गेल्या होत्या. कुणी भांडून हिसकावल्या नाहीत, पैशामागोमाग गेल्या.

पगारांतला फरक किती? गॅलिलिओला पिसात 1589 मध्ये गणित शिकवण्याचे वर्षाला 60 स्कुदी मिळत. 1592 मध्ये तो व्हेनिसच्या ताब्यातल्या पादुआला गेला, तिथं 180 फ्लोरिन. गणिताला मान नव्हता. तत्त्वज्ञान शिकवणारा त्याचा मित्र क्रेमोनिनी त्याच्या कितीतरी पट कमवत होता. गॅलिलिओच्या डोक्यावर बहिणींच्या हुंड्याचं ओझं. मग त्यानं घरात विद्यार्थी ठेवले, त्यांचं जेवणखाण आणि राहणं बघितलं, खाजगी शिकवण्या केल्या, एक कारागीर घरी कामाला ठेवून सैन्यासाठी नि मोजणीसाठी उपयोगी असे कंपास (हिशेबाचं एक उपकरण) बनवून विकले. कंपास कसा वापरायचा याची शिकवणी वेगळी. 1609 मध्ये व्हेनिसच्या अधिकाऱ्यांना दुर्बीण दाखवल्यावर पगार एकदम 1000 फ्लोरिन झाला, तहहयात. पण वाढ पुढच्या वर्षापासून आणि त्यानंतर पुन्हा वाढ नाही, अशी मेख होती. 1610 मध्ये तो फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूककडे निघून गेला. तिथं त्याला पिसा विद्यापीठाचा मुख्य गणिती म्हणून नेमलं, पगार विद्यापीठाच्या खात्यातून, शिकवण्याची अट नाही. अशा नेमणुकीवर मी काय शेरा मारला असता ते सांगायला नको.

वेळेवर मिळे का, याचं उत्तर पैसा कशातून यायचा यावर. सालामांकाला 1254 मध्ये राजा दहावा अल्फोन्सो यानं छान तक्ता ठरवून दिला, कायद्याच्या प्राध्यापकाला 500 मारावेदी, संगीत शिकवणाऱ्याला 50. पण राजाची तिजोरी युद्धांवर रिती होई. विद्यापीठाला खरा आधार झाला तो दशमांशातल्या वाट्याचा, म्हणजे शेतकरी चर्चला जे दहावं माप घालत त्यातल्या हिश्शाचा. त्याचा मक्ता दिला जाई. पीक बरं आलं तर पगार बरा.

प्रश्न (ठाणे) : ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इतकी श्रीमंत कशी झाली?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे. इंग्लंडमध्ये विद्यापीठ गरीब होतं, श्रीमंत झाली ती कॉलेजं, आणि कॉलेज म्हणजे मुळात जमीन. वॉल्टर डी मर्टन हा राजाचा चान्सलर. त्यानं 1264 मध्ये सरे परगण्यातल्या मॅल्डनच्या जमिनी लावून दिल्या. जमिनीची व्यवस्था मॅल्डनला आणि त्यावर पोसले जाणारे विद्यार्थी ऑक्सफर्डला. त्यात पहिला हक्क संस्थापकाच्या नातेवाइकांचा, हे तिथल्या नियमांतच आहे, लपवाछपवी नाही. पुढे विंचेस्टरचा बिशप विल्यम ऑफ वाइकहॅम (न्यू कॉलेज, 1379) आणि बाकीचे याच वाटेनं गेले.

जमीन खंडानं दिलेली, खंड रोख, करार लांब मुदतीचे. 16 व्या शतकात महागाई भडकली आणि हा सगळा हिशेब कोसळायला आला. आजोबांनी ठरवलेला खंड नातू भरतोय आणि बाजारात गहू कुठच्या कुठे. कॉलेजच्या पंक्तीत ताटं तेवढीच, पैशात येणारं धान्य दर वर्षी कमी.

यावर सर थॉमस स्मिथ यानं तोडगा काढला. हा केंब्रिजचा कायद्याचा जुना प्राध्यापक, पुढे राणी एलिझाबेथचा मंत्री. 1576 मध्ये पार्लमेंटनं कायदा केला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची कॉलेजं, शिवाय ईटन आणि विंचेस्टर, यांनी यापुढे जमीन खंडानं देताना जुन्या खंडाचा निदान तिसरा हिस्सा धान्यात ठरवावा. गहू क्वार्टरला (हे धान्याचं माप) 6 शिलिंग 8 पेन्स आणि माल्ट 5 शिलिंग या भावानं मोजून. कुळानं धान्य आणून घालावं, नाहीतर बाजारात त्या वेळी जो चढा भाव असेल त्यानं पैसे भरावेत.

वरवर रुक्ष कलम आहे. पण आकडे घालून बघा. समजा खंड 9 पौंड. तिसरा हिस्सा 3 पौंड, म्हणजे 60 शिलिंग. 6 शिलिंग 8 पेन्सच्या भावानं त्याचा गहू होतो 9 क्वार्टर. आता हे 9 क्वार्टर कागदावर कायमचे. 17 व्या शतकात भाव 40 शिलिंगांपर्यंत जाणं नवलाचं राहिलं नाही. त्या भावानं 9 क्वार्टरचे 360 शिलिंग, म्हणजे 18 पौंड. उरलेले 6 पौंड रोख तसेच. एकूण 24. जुना खंड जराही न वाढवता मिळकत अडीच पटींच्या वर! महागाई भत्ता म्हणून आपण ज्याला डोळे लावून बसतो ते काम या एका कलमानं केलं. माझ्या मते कुठल्याही राजाच्या देणगीपेक्षा या कायद्यानं ती कॉलेजं जास्त जगवली, आणि त्याचा पुतळा कुणी उभारत नाही.

याच्या उलटं बघायचं तर आठव्या हेन्रीनं 1540 मध्ये केंब्रिजला नेमलेले प्राध्यापक. प्रत्येकी वर्षाला 40 पौंड, तेव्हा घसघशीत रक्कम. पण आकडा रोख आणि बांधलेला. कायदा आणि वैद्यकाच्या प्राध्यापकांसाठी तो कित्येक पिढ्या 40 च राहिला. हेन्री ल्यूकस यानं गणिताच्या अध्यासनासाठी 1663 मध्ये पैसे ठेवले तेव्हा वर्षाला 100 पौंड येतील एवढी जमीन घ्यायला सांगितलं. 1669 मध्ये ते अध्यासन आयझॅक न्यूटनला मिळालं. हाच न्यूटन 1661 मध्ये ट्रिनिटी कॉलेजात आला होता तो सबसायझर म्हणून. म्हणजे वरच्या विद्यार्थ्यांची नि फेलोंची (कॉलेजच्या उत्पन्नावर राहणाऱ्या सभासदांची) चाकरी करून शिकायचं, त्या बदल्यात खर्चात सूट.

एक गोष्ट मला या कॉलेजांची खटकते. करार नवा करताना कुळाकडून मोठा नजराणा घेतला जाई, आणि तो हजर असलेले फेलो आपसांत वाटून घेत. त्यामुळे वार्षिक खंड वाढवण्याची घाई कुणाला नव्हती. आज नजराणा खिशात, कमी खंडाचा तोटा पुढच्यांच्या माथी. लेखापरीक्षणात याला जे म्हणतात ते इथं छापण्याजोगं नाही.

प्रश्न (म्हापसा) : देवळांच्या जमिनींवर कॉलेजं चालवल्याचं गोव्यात ऐकतो. तसं युरोपातही होतं का?

गोव्याचं खरं आहे. तिसवाडीतली देवळं पाडल्यावर 1541 मध्ये त्यांच्या जमिनींचं उत्पन्न ‘सांता फे’ या धर्मसंघाकडे वळवलं गेलं. त्यातून निघालेली पाठशाळा पुढे जेझुइटांच्या ताब्यात गेली आणि सेंट पॉल कॉलेज म्हणून ओळखली गेली. ते विद्यापीठ नव्हतं. भारतातला पहिला छापखाना 1556 मध्ये तिथंच सुरू झाला, एवढं आपण पुस्तकांत वाचतो; जमिनींचं क्वचित.

युरोपातही दुसऱ्याची मालमत्ता घेऊनच पुष्कळ विद्यापीठं उभी राहिली. हायडेलबर्गमधून 1390 च्या सुमारास ज्यू लोकांना हाकललं, त्यांची घरं विद्यापीठाला दिली आणि सिनेगॉगचं चॅपल करून तिथं व्याख्यानं होऊ लागली. कार्डिनल वूल्झीनं 1520 नंतरच्या दशकात मठ बंद पाडून ऑक्सफर्डला आपलं कॉलेज काढलं, आजचं ख्राइस्ट चर्च. 1527 चं मारबुर्ग बंद केलेल्या मठांवर, 1575 चं लायडन एग्मंडच्या जप्त मठाच्या उत्पन्नावर. त्यातल्या मठांच्या बाबतीत निदान एवढं म्हणता येतं की चर्चचा पैसा पुन्हा शिक्षणात गेला. हायडेलबर्ग आणि गोव्याच्या बाबतीत तेही म्हणता येत नाही.

प्रश्न (विद्यार्थी, लातूर) : तेव्हा शैक्षणिक कर्ज मिळायचं का?

मिळायचं, आणि बिनव्याजी. 1209 मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी एका खुनाच्या प्रकरणात हाती लागलेल्या विद्यार्थ्यांना फासावर चढवलं. विद्यार्थी नि शिक्षक गाव सोडून गेले, काही केंब्रिजला. 1214 मध्ये पोपच्या प्रतिनिधीनं गावाला शिक्षा केली, दरवर्षी 52 शिलिंग गरीब विद्यार्थ्यांसाठी द्यायचे आणि सेंट निकोलसच्या दिवशी 100 गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालायचं. 1240 मध्ये बिशप रॉबर्ट ग्रोस्टेस्ट यानं या पैशाची, त्यातून कर्ज द्यायची, पेटी केली. पुढे देणगीदारांनी अशा बऱ्याच पेट्या काढल्या. कर्जाला तारण लागे, आणि विद्यार्थ्याकडे मोलाची वस्तू म्हणजे हातानं लिहिलेलं पुस्तक. मुदतीत सोडवलं नाही तर विक्री. कुठल्या पेटीत, कधी आणि किती रकमेला गहाण ठेवलं याच्या नोंदी पुस्तकाच्या कोऱ्या पानांवरच करत. एकेका पुस्तकावर अशा अनेक नोंदी सापडतात. तुमच्या बँकेला हे दाखवून उपयोग नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पदवी घ्यायला किती खर्च यायचा?

शिकण्यापेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल. परीक्षकांना फी, हातमोजे, टोप्या, मिरवणूक, मेजवानी. पोप पाचव्या क्लेमेंटच्या वेळी व्हिएनच्या परिषदेत (1311-12) डॉक्टर होताना 3000 चांदीच्या तूर्नुआ नाण्यांपेक्षा जास्त खर्च करू नये असं बंधन घालावं लागलं, यावरून ओळखा. सालामांकात नव्या डॉक्टरनं गावाला बैलांचा खेळ द्यायचा. त्याचं नाव लाल रंगात भिंतीवर लिहीत, रंगात बैलाचं रक्त घालून. ही लाल नावं आजही तिथल्या भिंतींवर आहेत. आपला कोपर्निकस बोलोन्या आणि पादुआत शिकून पदवीला मात्र 1503 मध्ये फेरारात गेला. जिथं ओळखीचं कुणी नाही तिथं जेवणावळीचा खर्च वाचतो, हेच कारण असावं असं मानतात.

प्रश्न (टपाल खात्यातून निवृत्त, अमरावती) : मनीऑर्डरी नव्हत्या, मग विद्यार्थ्यांना घरून पैसे पोचायचे कसे?

तुमचा प्रश्न ठेवणीतला आहे. पॅरिस विद्यापीठातल्या प्रांतवार संघांचे स्वतःचे जासूद असत. ते गावोगावहून मुलांची पत्रं, पैसे, कपडे आणत नि नेत. हळूहळू ते इतरांचीही पत्रं नेऊ लागले आणि संघांना त्यातून चांगली मिळकत होऊ लागली. पुढे राजानं टपाल आपल्या हाती घेतलं आणि त्याचा मक्ता द्यायला सुरुवात केली, तेव्हा विद्यापीठ भरपाई मागत राहिलं. 1719 मध्ये तोड निघाली. टपालाच्या मक्त्याच्या रकमेतला 28 वा हिस्सा विद्यापीठाला, आणि त्या बदल्यात पॅरिसच्या कॉलेजांत कला शाखेचं शिक्षण विनामूल्य. त्या काळी टपालखर्च सहसा पत्र घेणाराच भरी. तेव्हा पॅरिसमधल्या मुलांची फी कुणी भरली म्हणाल, तर ज्यांच्या दारात पत्र आलं त्या फ्रान्सभरच्या लोकांनी.